पलटण गेली, पातेलं राहिलं

कुवेतला जाऊन आलो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. सोनं आणलंत का, आणि ऐन उन्हाळ्यात कशाला कडमडलात. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि ते दर वेळी तोंडी सांगून घसा सुकायला लागला, म्हणून लिहून काढतो आहे.

आम्ही गेलो २००४ च्या जूनमध्ये. मी, माझी पत्नी कुमुद आणि कुमुदने बांधलेले नको तितके डाग. आमची मुलगी मीनल आणि जावई शिरीषराव सहा वर्षं तिथे होते. आता गाशा गुंडाळून कायमचं पुण्याला यायचं त्यांनी ठरवलं होतं. शिरीषरावांना चाकणला नोकरी मिळाली होती आणि मीनलला आठवा महिना लागत होता. आवराआवरीला हात लावायला म्हणून आम्ही महिन्याच्या व्हिसावर गेलो. जाताना दोघं, येताना चौघं, आणि पोटातलं पाचवं, असं मी सगळ्यांना थट्टेने सांगत होतो. ती थट्टा तिथे गेल्यावर आटोपली.

मंगफ

मंगफ म्हणजे समुद्राला लागून उभ्या असलेल्या फ्लॅटांच्या रांगा. खिडकीतून एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लांबवर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीच्या ज्वाळा. बिल्डिंगमध्ये नाशिकचे दोघं, मुंबईचे तिघं, एक सांगलीचं कुटुंब. लिफ्टमध्ये मराठी ऐकू आलं की कुमुद हटकून विचारायची, "तुम्ही कुठले?" आणि बारावा मजला येईपर्यंत कुणाच्या तरी मावसभावाशी आपलं नातं निघायचं.

पहिल्या सकाळी मी आंघोळीला गेलो, थंड पाण्याचा नळ सोडला आणि ओरडत बाहेर आलो. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळे नळाला चहा होईल असं पाणी येतं. तिथली मंडळी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्यात घरातल्या गारव्यात निवलेलं पाणी आंघोळीला घेतात. म्हणजे गार पाणी हवं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. मीनल हसत म्हणाली, "बाबा, इथे सगळं उलटं आहे असं धरून चाला, म्हणजे भाजणार नाही."

तिच्या हसण्यात जीव नव्हता हे मला तेव्हाच जाणवलं. रात्री जेवणं झाल्यावर शिरीषरावांनी सगळं उलगडून सांगितलं.

ते आधी रिफायनरीत होते. गेलं दीड वर्ष एका कंत्राटदार कंपनीत होते, आणि ही कंपनी एका परदेशी पलटणीची छावणी सांभाळत होती. पाणी, जनरेटर, एसी, स्वयंपाकघर, सगळं. देशाचं नाव सांगू नका अशी मला ताकीद आहे, तेव्हा एक छोटा देश एवढंच म्हणतो. शेजारच्या इराकचा कारभार त्या महिन्यात पुन्हा इराकी लोकांच्या हाती जायचा होता, आणि त्याआधीच या छोट्या देशाने आपले सैनिक घरी बोलावले होते. पलटण गेली. मागे राहिला एक मेजर, चार शिपाई आणि रिकामी छावणी. ती जागा एका कुवेती घराण्याच्या गोदामांची होती, भाड्याने घेतलेली. ती मालकाला जशीच्या तशी परत करायची आणि "जागा मिळाली, तक्रार नाही" अशी त्याची सही घ्यायची, हे काम शिरीषरावांच्या गळ्यात होतं. आणि ती सही होईपर्यंत कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्यांचा पासपोर्ट सोडणार नव्हता. तिकडे बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीच्याच कपाटात असतात.

"मग उशीर झाला तर मीनलला आम्ही घेऊन जातो," मी म्हणालो. "तुम्ही मागाहून या."

"मी नाही जाणार," मीनल म्हणाली. "एक तर दोघं, नाही तर कुणी नाही."

तीन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा शिरीषराव रिफायनरीच्या शटडाउनमध्ये अडकले होते आणि ही याच घरात एकटी होती. त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो, आणि त्या रात्रीही बोललो नाही. पण अडचण स्वच्छ होती. महिना संपला की पोट पाहून विमानात घेणार नाहीत. आमचा व्हिसाही तेव्हाच संपणार. मालक दर उन्हाळ्याला सहकुटुंब परदेशी जातो आणि सप्टेंबरपर्यंत फिरकत नाही. तो जायच्या आधी सही झाली तर नातवंड पुण्यात. नाही तर मीनल इथे, आम्ही तिथे, आणि पुन्हा ती याच घरात दिवसभर एकटी.

"सही का देत नाही तो?" कुमुदने विचारलं.

"पहिल्या तपासणीला जमिनीत राहिलेले बोल्ट सापडले. ते काढले, फरशी सारखी केली. तो प्रत्येक नळ सोडून बघतो, आई. प्रत्येक."

मला मनातून त्या माणसाबद्दल आदर वाटला. तसं घरात बोललो नाही.

आमच्या घराण्याचा धंदा

आदर का वाटला ते सांगतो. मी चौतीस वर्षं खडकीच्या लष्करी छावणीत बॅरकींच्या भांडारात नोकरी केली. एक पलटण जागा सोडून जाते तेव्हा आमच्या खात्याचा माणूस त्यांच्या माणसाबरोबर खोलीखोलीतून फिरतो. खाटा, पंखे, खिडक्यांच्या काचा, कड्याकोयंडे, सगळं मोजून ताब्यात घेतो. याला आम्ही मार्चिंग आउट म्हणतो. तुटकी काच दिसली की कॅप्टनसुद्धा शाळकरी पोरासारखा कारणं सांगू लागतो, आणि माझ्यासारख्या साध्या माणसाला आयुष्यात तेवढाच काय तो रुबाब.

माझे वडीलही याच खात्यात होते, देवळालीला. १९४७ साली गोरी पलटण गेली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांचा साहेब शेवटच्या दिवशी हॅट काखेत मारून प्रत्येक बॅरक फिरला. वडील म्हणायचे, "दीडशे वर्षांचं राज्य चाललं होतं आणि साहेबाने जाता जाता मला विचारलं काय, तर सात नंबरच्या बॅरकीची काच कुणी फोडली." मग साहेब गाडीत बसला. वडिलांनी मागे वळून बॅरक उघडली, तर आत फक्त फिनेलचा वास. त्यांना उगीच वाटत होतं की काहीतरी असेल. काय असेल, ते त्यांना कधी सांगता आलं नाही.

फहाहील आणि दिवानिया

धूळ उडाली नसती तर दुसरी तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यातच झाली असती. आदल्या दिवशी सगळी गोदामं धुऊन पुसून लख्ख केली, आणि पहाटेपासून जो धुळीचा लोट उठला तो दोन दिवस हटेना. समोरची बिल्डिंग दिसेना. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून आम्ही बसलो. शिरीषराव फोनवर माणसांना सांगत होते, पुन्हा धुवा. मीनल सुटकेस भरत होती आणि भरलेली पुन्हा उपसत होती.

धूळ बसल्यावर मन रमवायला म्हणून कुमुदला घेऊन फहाहीलच्या मासळीबाजारात गेलो. तिथे झुबैदी नावाच्या माशाचं फार कौतुक. कुवेती माणूस त्याच्याबद्दल असा बोलतो जसा आपल्याकडचा माणूस मुलाच्या दहावीच्या मार्कांबद्दल. जवळ जाऊन पाहिलं तर आपलं पापलेट. विकणारा रायगडचा निघाला. "ताई, इथे झुबैदी म्हणा, तिकडे पापलेट म्हणा, तळताना सारखाच वास येतो," तो म्हणाला. कुमुदने त्या दिवशी बेसनात न तळता रव्यात तळलं, आणि मीनल बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेऊन जेवली.

त्याच आठवड्यात जागेच्या मालकाचं बोलावणं आलं. त्यांना सगळे अबू नासिर म्हणत, म्हणजे नासिरचे वडील. पंचाहत्तरीच्या पुढचे. सासरे मुंबईकडून आलेत असं शिरीषरावांनी बोलता बोलता सांगितलं होतं, तर म्हणाले, घेऊन ये.

कुवेती घराला बाहेरच्या बाजूला एक बैठकीची खोली असते, तिला दिवानिया म्हणतात. भिंतीला लागून गाद्या, आणि संध्याकाळी पुरुषमंडळी येऊन बसतात. आपल्याकडे पारावर बसतात तसंच, फक्त एसी आणि गालिचा. नोकर इवल्याशा कपात वेलदोड्याची कॉफी ओततो. मी प्यालो, कप पुढे केला, त्याने भरला. प्यालो, पुढे केला, पुन्हा भरला. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून मी पीत राहिलो आणि बरं दिसणार नाही म्हणून तो ओतत राहिला. शेवटी अबू नासिरांनी माझ्या हातातला कप धरून जरासा हलवला. "ऐसा हिलाने का. नहीं तो ये सुबह तक डालेगा."

हिंदी ऐकून मी चाट पडलो. तरुणपणी ते वडिलांबरोबर गलबतावरून मुंबईला यायचे, खजूर घेऊन यायचे आणि लाकूड, चहा, भांडी घेऊन जायचे. त्या काळी कुवेतमध्ये रुपयाच चालायचा. भायखळा, मस्जिद बंदर, सगळं त्यांना पाठ होतं. कुणाच्या हातचं काय खाल्लं तेही पाठ. गप्पा रंगल्या. मी म्हटलं, आता विचारू. मी हळूच छावणीचा विषय काढला, मुलगी आठव्या महिन्यात आहे तेही सांगितलं.

त्यांचा चेहरा बदलला नाही, पण आवाज बदलला. "लड़की को अल्लाह सलामत रखे. लेकिन जगह मैं देख के लूँगा. एक-एक कोना देख के." मग शिरीषरावांकडे पाहून म्हणाले, "परसों आऊँगा. उसके बाद मेरा सफर है. जो है, परसों."

गाडीत शिरीषराव एवढंच म्हणाले, "बाबा, आता एकच संधी."

मला झोप लागली नाही. आपण विषय काढून घाण केली की काय, असं वाटत राहिलं.

छावणी

अहमदीच्या पुढे रस्ता सरळ वाळवंटात जातो. दोन्ही बाजूंना विजेच्या तारा आणि मधूनच उंटांचा कळप, आणि त्यांच्या मागे गाडीतून फिरणारा गुराखी. तपासणीच्या आदल्या दिवशी शिरीषरावांनी आम्हा दोघांना तिकडे नेलं. मला मार्चिंग आउटच्या नजरेने एकदा बघून घ्यायचं होतं, आणि कुमुदला तिथल्या मुख्य स्वयंपाक्याने जेवायला बोलावलं होतं.

हे इब्राहिमचाचा. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, पांढरी दाढी, आणि बायकोला भेटल्याला दीड वर्ष झालेलं. छावणी बंद झाल्यावर कंपनी त्यांना एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात धाडणार होती. शिल्लक राहिलेल्या मजुरांसाठी त्यांनी शेवटची बिर्याणी केली होती, ती एका अजस्र तांब्याच्या पातेल्यात. दोन माणसांनी उचलावं एवढं, आतून कल्हई केलेलं.

"ह्या पातेला मालकाचा हाय," चाचा म्हणाले. "त्येच्या बापान मुंबईसून आणला व्हता. गोदामात पडलेला, कोंबड्या अंडी घालीत व्हत्या त्येच्याखाली. मी मागून घेतला. हजार माणसा जेवली असतील यात."

जेवणं झाल्यावर सगळी भांडी कंटेनरमध्ये गेली. पातेलं तेवढं मालकाचं म्हणून मागे राहिलं. चाचांनी आणि कुमुदने मिळून ते चिंचेने घासलं, अगदी तोंड दिसेल इतकं. मी तोपर्यंत दोन्ही गोदामं, न्हाणीघरं आणि पहाऱ्याची खोली पालथी घातली. बटणं दाबली, नळ सोडले, दारांच्या बिजागऱ्या हलवल्या. पलटणीने एक टाचणी मागे ठेवली नव्हती. मेजर भेटला. उन्हाने नाकाची सालं निघालेला, माझ्या मीनलच्या वयाचा. शिरीषरावांनी माझी ओळख करून दिली, तर तो हसून म्हणाला की मग तुम्ही आमचे सल्लागार. मी त्याला पहाऱ्याच्या खोलीतली एक सैल कडी दाखवली. त्याने ती स्वतः आवळली. आपला पोरगा असावा असं वाटलं.

निघताना मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर कुमुद आणि चाचा पातेल्यापाशी काहीतरी कुजबुजत होते. "चला," मी म्हटलं. "रिकामं झालं ना सगळं?"

"झालं," कुमुद म्हणाली. पदराने हात पुसत आली आणि गाडीत बसली.

तपासणी

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर, शिरीषराव, चाचा आणि मी फाटकाशी उभे होतो. अबू नासिर आले, हातात काठी, बरोबर ड्रायव्हर. सलाम झाला, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग त्यांनी पाहायला सुरुवात केली.

असं मार्चिंग आउट मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही. काठीने भिंत वाजवायचे, थांबायचे, ऐकायचे. प्रत्येक नळ सोडायचे आणि पाण्याखाली बोटं धरायचे. पहिलं गोदाम झालं. दुसरं झालं. न्हाणीघरं झाली. एकदाही मान हलली नाही, पण एकदाही थांबून तक्रारही केली नाही. शिरीषरावांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर.

दार उघडलं आणि पांढऱ्या फरशीवर काळी रेघ दिसली. दारापासून सरळ कोपऱ्यात गेलेली. मला आधी वाटलं, कुणी पेन्सिल ओढली. वाकून पाहिलं, तर मुंग्या. वाळवंटात त्या कुठून आल्या देव जाणे, पण आल्या होत्या, आणि कवायतीला लाजवील अशा शिस्तीने चालल्या होत्या.

मेजरचं तोंड लालभडक झालं. कीटकनाशकाचा फवारा मारून तसा दाखला आधीच घेतलेला होता. तो इंग्रजीत शिरीषरावांना म्हणाला की हे नियमात बसत नाही, आज तपासणी थांबवावी लागेल, पुन्हा फवारणी, पुन्हा दाखला, पुन्हा तपासणी. शिरीषरावांनी भिंतीला हात टेकला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मंगफच्या घरातली ती उघडी सुटकेस आली.

रांग पातेल्यात जात होती. मेजरने झाकण उचललं. आत मधोमध एक स्टीलची वाटी, आणि वाटीत साखर.

ती वाटी मी ओळखली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना, तसं मीनलच्या लग्नात तिच्या मामाने दिलेल्या भांड्यांवर घातलेलं होतं. कुमुद आदल्या दिवशी लिंबाच्या सरबतासाठी घरून तीच घेऊन गेली होती. मेजरने वाटी उलटीसुलटी करून अक्षरं पाहिली आणि हे काय लिहिलंय म्हणून संशयाने विचारलं. काही खूणबिण आहे का, असं त्याला वाटलं असावं.

"मी ठेवला," चाचा पुढे होऊन म्हणाले. "माझा काम हाय."

"नाही चाचा," मी म्हटलं. मग मेजरला सांगितलं की त्यावर लिहिलंय, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मीनल हिस मामांकडून. ही माझ्या मुलीची वाटी आहे, आणि ती माझ्या बायकोने ठेवली आहे. हे इंग्रजीत सांगताना माझी फे फे उडाली. लष्करी मेजरला 'सौभाग्यकांक्षिणी' समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर न येवो.

"क्यों रखा?" अबू नासिरांनी विचारलं. इतका वेळ ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

मी हिंदीत सांगितलं. पातेलं तुमचं. आमच्यात कुणाचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत. शेजारणीने वाटीभर भाजी दिली तर वाटी परत जाताना त्यात काहीतरी घालायचं. काही नसलं तर साखर. बायकांना हे शिकवावं लागत नाही, त्यांच्या हाताला ते माहीत असतं. तिला तपासणीचं कळत नाही. चूक आमची आहे, पण जावयाची नाही. हे शेवटचं मी दोनदा म्हणालो.

अबू नासिर पातेल्याशी आले. मुंग्या बोटाने बाजूला सारून त्यांनी चिमूटभर साखर घेतली आणि तोंडात टाकली.

"हमारे में भी है," ते म्हणाले. "रमज़ान में पड़ोसी का थाल आता है, खाली वापस नहीं जाता. मेरी माँ खजूर रखती थी."

मग ते ओट्याच्या कठड्यावर बसले आणि सांगू लागले. इराकी सैन्य आलं तेव्हा त्यांचं घर सैनिकांनी घेतलं होतं. सात महिने. सैन्य गेलं आणि ते परत आले, तर दारं नव्हती, तारा ओढून काढलेल्या, नळसुद्धा उपटून नेलेले. बायको स्वयंपाकघरात गेली आणि फरशीवर बसून राहिली. पातेलं तेवढं वाचलं, कारण ते गोदामात कोंबड्यांखाली होतं. "उसके बाद मैं किसी का ताला खोलता हूँ, तो पहले नल देखता हूँ," ते म्हणाले. "बीवी अब नहीं है. होती तो मैं आज उसको ये दिखाता."

मेजरला शिरीषरावांनी थोडक्यात इंग्रजीत सांगितलं. त्याने टोपी काढली. मग नियम आठवून अडखळत म्हणाला, की पण मुंग्या...

"चींटी का क्या," अबू नासिर उठत म्हणाले. "वो तुम्हारे पहले की किरायेदार है, तुम्हारे बाद की भी. पेन लाओ."

पातेल्याच्या झाकणावर कागद ठेवून त्यांनी सही केली. मला चक्क रडू आलं, आणि मी ते धुळीवर ढकललं. शिरीषराव बाहेर जाऊन सावलीत उभे राहिले आणि फोनवर फक्त "मीनू, झालं" एवढंच म्हणाले. पलीकडे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मी फोन घेतला आणि कुमुदला विचारलं, "तू वाटी ठेवलीस?"

"मग काय रिकामं देणार होतात तुम्ही?" ती म्हणाली. "लोकांचं पातेलं?"

वाटी मात्र अबू नासिरांनी परत दिली नाही. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती रुमालात बांधून ड्रायव्हरकडे दिली. "अभी भरने को कुछ नहीं मेरे पास. बच्चा होने के बाद ख़बर करना."

पुणे

विमानात मीनल खिडकीशी बसली होती आणि शिरीषराव मधे. खाली समुद्र लागला तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि मुंबई येईपर्यंत झोपली. कुमुद मला कोपराने ढोसून सारखी दाखवत होती, जणू मला दिसत नव्हतं. माझ्या वडिलांची मला फार आठवण आली. देवळालीच्या त्या रिकाम्या बॅरकीत त्यांना काय सापडायला हवं होतं, ते आता मला सांगता आलं असतं.

नात झाली. ऑगस्टमध्ये, पुण्यात, बाप दाराशी येरझाऱ्या घालत असताना. खबर चाचांमार्फत अबू नासिरांना कळवली.

बारसं सप्टेंबरअखेरीला ठेवलं होतं, आणि त्याला आठ दिवस राहिले असताना चाचा सुट्टीवर आले आणि रत्नागिरीला जाण्याआधी वाट वाकडी करून आमच्याकडे उतरले. त्यांच्या पिशवीतून एक नक्षीचा पितळी डबा निघाला. डब्यात मऊ काळे खजूर गच्च भरलेले, आणि त्यांच्या मधोमध मामांच्या नावाची वाटी, तीही खजुरांनी भरलेली. मीनलने वाटी धुतली आणि बाळाच्या पाळण्याशी ठेवली. मी म्हटलं, झालं बुवा, फिटंफाट झाली.

कुमुद खजूर बरणीत काढत होती. डबा रिकामा झाला तशी तिने तो पुसला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि चाचांना विचारलं, "परत कधी जाणार तुम्ही?"

"महिन्यान."

"जाताना इकडून जा," ती म्हणाली. "डबा त्यांचा आहे." आणि शंकरपाळ्यांसाठी मैदा किती आहे ते बघायला आत गेली.